जुने कागद, दप्तरं आणि अभिलेखपालाचं काम : खानदेशातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून लोक फोनवर, लग्नाच्या पंगतीत, कधी तहसीलच्या आवारात गाठून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला, तर पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अभिलेखपाल म्हणजे जुन्या कागदांची राखण करणारा ना? त्यात शिकण्यासारखं काय आहे?

राखण हा त्यातला लहानसा भाग. कागद कोणाकडून, कुठून, कोणत्या अवस्थेत आला याची आवक नोंदवहीत नोंद करायची. त्यातलं कायम काय ठेवायचं ते ठरवायचं. गठ्ठ्याचं वर्णन आणि यादी लिहायची, कागद टिकेल अशी सोय लावायची आणि मागणाऱ्याला तो शोधून द्यायचा. हे शेवटचं जमलं नाही तर आधीचं सगळं वाया.

ग्रंथपालाशी गल्लत नेहमी होते. पुस्तकाची एक प्रत हरवली तर दुसरी मिळते. दप्तरातला कागद बहुधा एकुलता असतो, आणि तो वाचकासाठी लिहिलेलाच नसतो. पाटलाने वसूल करताना, शाळेने नाव घालताना, जिनवाल्याने रुई विकताना तो तयार झालेला असतो. ते काम काय होतं हे कळलं नाही तर कागद वाचूनही कळत नाही. इतिहासकाराला कागदावरून काही मांडायचं असतं. अभिलेखपालाला काही मांडायचं नसतं. आज कोणाच्या डोक्यातही नसलेला प्रश्न घेऊन उद्या कोणी आला, तर त्यालाही दप्तर उपयोगी पडावं एवढंच तो बघतो.

२. मुलीचं इतिहासात एम. ए. झालंय. या कामात यायचं तर पुढे काय करावं?

दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज’ आहे. तिथे अभिलेख व्यवस्थापनाचे आणि कागद-दुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम चालतात. आपल्याकडे राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे वर्ग वेळोवेळी भरवतं. सरकारी जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. पण जुन्या सहकारी बँका, शिक्षणसंस्था, देवस्थानं आणि कंपन्या आता आपलं दप्तर लावून घ्यायला माणसं शोधतात.

मोडी हवीच. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर वाचता यायला हवं, कारण १८१८ नंतरची कलेक्टर कचेरी त्याच लिपीत बोलते. थोडी फारसी असेल तर फारच उत्तम. स्प्रेडशीट नीट चालवता आली पाहिजे. आणि दम्याचा त्रास असेल तर दोनदा विचार करा. बंद खोलीतल्या दप्तराची धूळ चांगला मास्क लावूनही छातीत जाते.

३. घरातलं दप्तर आम्ही नीट लावून ठेवलं. पत्रं वेगळी, पावत्या वेगळ्या, फोटो वेगळे. बरोबर केलं ना?

हेतू चांगला, पण नाही.

समजा, एका जुन्या जिनिंगवाल्या घराचं दप्तर आहे. लाल कापड, सुतळीची गाठ, आत दोऱ्यात ओवलेले कागद, नवा कागद वर. एका पत्रावर तारीख नाही. मजकूर एवढाच, की मुंबईचा भाव बसला, माल थांबवा. त्या पत्राच्या खाली रेल्वेची पावती आहे, वर एक काटापट्टी (मालाच्या वजनाची चिठ्ठी) आहे, आणि दोन्हींवर तारखा आहेत. म्हणजे पत्र त्या दोन तारखांच्या मधलं. शिवाय पावती खाली, म्हणजे माल आधीच निघून गेला होता आणि निरोप उशिरा पोचला. त्या मोसमात घर कशाने बुडालं त्याचा माग इथे लागतो. पावत्या पावत्यांत आणि पत्रं पत्रांत घातली की हे पत्र कायमचं बिनतारखेचं झालं. ओवणाऱ्या मुनिमाने अर्धी यादी करूनच ठेवली होती, ती आपण उसवली.

म्हणून या कामात दोन गोष्टींना हात लावत नाहीत. एका घराण्याचे किंवा कचेरीचे कागद दुसऱ्यात मिसळायचे नाहीत, आणि आतला मूळ क्रम मोडायचा नाही. गाठ सोडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक कागदावर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाका, मगच दोरा काढा. दप्तरात निघालेले जुने फोटो मात्र कागदांपासून वेगळे ठेवावे लागतात. ते काढलेत तर त्या जागी कागदाची चिठ्ठी ठेवा : काय काढलं, कुठे ठेवलं.

आधीच विषयवार लावून झालं असेल तर आता उलट लावत बसू नका. कोणत्या पेटीत, कोणाच्या खोलीत काय होतं, हे आठवतंय तोवर एका कागदावर लिहून दप्तरातच ठेवा.

४. सगळंच ठेवायचं म्हटलं तर जागा कुठून आणायची? टाकायचं काय, हे कोण ठरवतं?

सरकारी कचेरीत ते ठरलेलं असतं. ‘अ’ वर्गाची नस्ती (फाइल) कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे नको ते कागद निवडून नष्ट करणं. गोची अशी, की वर्ग नस्ती बंद करताना लावायचा असतो आणि तिथेच आळस होतो. मग वीस वर्षांनी कोणीतरी ट्रॅक्टर बोलावून सरसकट उचलतो. १८९२ पूर्वीचा कागद, तो पार निकामी झाला असल्याखेरीज, नष्ट करायला केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात मनाई आहे. राज्यासाठी २००५ चा वेगळा अधिनियम आहे (पाहा प्रश्न १२).

घरचं म्हणाल तर माझं मत असं : छापील लग्नपत्रिकांचा ढीग, वर्तमानपत्रांची कात्रणं, एकाच पावतीच्या तीन प्रती हे कमी करा. हिशेबाच्या वह्या टाकू नका. लोक नेमक्या त्याच रद्दीत घालतात आणि थोर पाहुण्याचं चार ओळींचं अभिनंदनपत्र चौकटीत लावतात. सालदाराला वर्षाला काय मिळायचं, कपाशीचं बी कितीला आलं, दुष्काळात काय विकलं, हे त्या वह्यांशिवाय दुसरीकडे मिळत नाही.

५. मोडी शिकायला किती दिवस लागतात? आणि तारखा कळतच नाहीत, त्याचं काय?

अक्षरं दोन-तीन आठवड्यांत ओळखू येतात. वाचायला वर्षं लागतात. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक कारकुनाची वळणं निराळी. रोज एक कागद, तोही एकाच घराण्याचा, असं केलं तर हात लवकर बसतो.

तारखेसाठी अरबी अंक पाठ करा, दुसरा उपाय नाही. पेशवाईतल्या कागदावर शुहूर सन असतो. ‘अर्बा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दहा, दोनशे आणि हजार, मिळून १२१४. त्यात ५९९ मिळवले की १८१३. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. फसली म्हणजे महसुली सन असेल तर ५९० किंवा ५९१. वर्णनात मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन शेजारी द्या. फक्त इसवी लिहून मोकळं झालात तर तुमची बेरीज चुकली का, हे पुढच्याला तपासता येत नाही.

६. पणजोबांच्या वेळचा कागद अजून धड आहे आणि वडिलांच्या वेळचा हातात तुटतो. असं उलटं कसं?

जुना कागद चिंध्या आणि तागाच्या लगद्याचा, हाताने केलेला. खानदेशात एरंडोल आणि यावल ही गावं एके काळी अशा देशी कागदासाठी नावाजलेली होती. त्याचा धागा लांब असतो आणि आम्ल कमी. पुढे गिरणीचा स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्याला तुरटीयुक्त खळ असते आणि लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. दोन्हींमुळे कागदात आम्ल वाढतं, तो आधी पिवळा आणि मग ठिसूळ होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा ही क्रिया आणखी भरभर चालते.

देशी कागदावरची काजळीची शाई उडत नाही, पण पाण्याने पसरते. बोरूने लिहिल्यावर शाई टिपायला वाळू टाकत. जुनी घडी उघडताना ते चमकणारे कण अजूनही टेबलावर पडतात. फुंकर मारून उडवू नका, मऊ कुंचल्याने एका बाजूला घ्या. फुंकरीत ओल असते.

७. सनद लॅमिनेट करून घेतली तर कायमची टिकेल ना?

कायमची बिघडेल. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही आणि आतलं आम्ल आतच राहतं. सेलोटेपचंही तेच : काही वर्षांत टेप गळून पडते आणि तपकिरी डाग राहतो. फाटलेलं जोडायला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ती पाण्याने पुन्हा सोडवता येते, म्हणूनच ती वापरायची. स्वतः करू नका. तोवर स्वच्छ, आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढा, गंज कागद खातो.

८. वाळवी, कसर लागू नये म्हणून काय घालावं? वर्षातून एकदा उन्हात टाकतो, ते चालतं का?

ऊन नको. शाई फिकी पडते आणि आधीच कोरडा कागद कडक होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

आपल्याकडचा खरा त्रास नुसत्या उन्हाळ्याचा नाही. मेमध्ये कडकडीत कोरडं आणि जुलैत एकदम दमट, असा जो झोका बसतो तो कागदाला मारतो. एसी दिवसा लावून रात्री बंद करणारी कचेरी तोच झोका रोज देते. त्यापेक्षा जाड भिंतीची, मधली, उत्तरेकडची खोली बरी. रॅक लोखंडी, भिंतीपासून आणि जमिनीपासून सहा-सहा इंच दूर. वाळवी भिंतीतून येते. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही, पण त्याने लागलेली कीड मरत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास माणसालाच अधिक बाधतो. महिन्यातून एकदा प्रत्येक गठ्ठा हलवून पाहणं, याच्याइतका उपाय मला दुसरा माहीत नाही.

९. तळघरात पाणी शिरून सगळं भिजलं. आधी काय करायचं?

पहिले दोन दिवस मोलाचे, त्यानंतर बुरशी धरते. ओली वही उघडू नका, चिकटलेली पानं ओढू नका. पाणी निथळू द्या, मध्ये टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला, पंखा लावा पण झोत थेट कागदावर नको. हाताळता येणार नाही इतकं भिजलं असेल तर थोडे थोडे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये टाका. आइस्क्रीमवाल्याचाही चालेल, लाजू नका. गोठलेला कागद बिघडायचा थांबतो आणि मग सवडीने एकेक काढता येतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवू नका. चाळीसगावला केकी मूस यांच्यासारख्या छायाचित्रकाराचं काम आपल्या भागात झालंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अशा काचा अजून निघतात.

१०. सगळं स्कॅन केलं. आता मूळ कागद टाकले तर चालतील?

नाही. कागदाची जात, पाठीवरचा शेरा, शिक्क्याचा उठाव, दोन कागद चिकटवलेल्या जोडावरची सही हे स्कॅनमध्ये येत नाही किंवा अर्धवट येतं. वाद कोर्टात गेला तर मूळच मागतात. उलट स्कॅनच आधी मरतो : हार्डडिस्क बंद पडते, सीडी वाचली जात नाही.

स्कॅन किमान ३०० डीपीआय, बारीक अक्षराला ४००, जतनाची प्रत टिफमध्ये, वापरायची जेपेग किंवा पीडीएफमध्ये. तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. फाइलला ‘स्कॅन००१’ असं नाव देऊन सोडू नका. दप्तर क्रमांक, कागद क्रमांक, पुढची बाजू की मागची, एवढं नावातच यायला हवं. मोबाइलची जी अॅप कागद पांढराशुभ्र करून कडा कापतात, ती वापरू नका.

११. जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवाय. कुठल्या सालापर्यंत मागे जायचं आणि कुठल्या कचेरीत?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. मानीव दिनांक असे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची नोंद शोधायची. आजोबा-पणजोबांचं शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यू नोंद, हक्कनोंद आणि फेरफार, दुय्यम निबंधकाकडचा जुना दस्त.

कचेरी कुठली, हे जिल्ह्याच्या इतिहासावर ठरतं आणि लोक इथेच चकतात. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. त्याआधीचा जिल्हास्तरीय कागद जळगावच्या माणसालाही धुळ्याच्या नावानेच शोधावा लागतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. मालेगाव आणि बागलाण आज नाशिकमध्ये असले तरी १८६९ पर्यंत खानदेशात होते. अक्कलकुव्याकडच्या काठीसारख्या मेहवासी, म्हणजे डोंगराळ भागातल्या छोट्या संस्थानांत तर नेहमीच्या पद्धतीची महसुली नोंद उशिरा सुरू झाली. तिथे शाळा, जंगल खातं आणि पोलिस नोंदी आधी बघा.

अभिलेखपाल नक्कल देईल, ‘ही तुमचीच जात’ असं लिहून देणार नाही. मागू नका. रजिस्टरात जातीच्या रकान्यात शाई निराळी किंवा खाडाखोड दिसली, तर ती नक्कलेत तशीच उतरते. ती लपवणारा पुढे तुमचंच प्रकरण बुडवतो.

१२. कचेरी म्हणते, ‘फाइल गहाळ आहे.’ विषय संपला का?

नाही. माहिती नाकारण्याची कारणं माहिती अधिकार कायद्यात दिलेली आहेत, त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख सांभाळणं ही नेमलेल्या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज करताना नुसती फाइल मागू नका. अभिलेख कक्षातल्या त्या वर्षाच्या नोंदवहीचं पान आणि निंदणीकरणाची यादी मागा. नस्ती आली होती का, कधी गेली, कोणाच्या सहीने, ते त्यात निघतं. बऱ्याचदा ती चुकीच्या वर्षाच्या गठ्ठ्यात सापडते.

१३. खानदेशचा इतिहास शोधायचा तर कुठे कुठे जावं लागेल?

धुळ्यापासून सुरुवात करा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात त्यांचा संग्रह आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी बाडं (हस्तलिखितांच्या वह्या) धुळ्यातच श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. १८१८ पूर्वीच्या परगण्यांसाठी पुण्याचं पेशवे दप्तर. इंग्रजी अमलाच्या धोरणांसाठी मुंबईचं अभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. जळगावला जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात गांधीविषयक कागदांचा संग्रह आहे. १८८० चं खानदेश गॅझेटियर आधी वाचून जा, म्हणजे जुनी तालुका-नावं कळतात.

पेन बाहेर ठेवावं लागेल, पेन्सिल न्या. हात धुऊन, कोरडे करून बसा. साध्या कागदाला हातमोज्यांची गरज नाही, उलट त्यांनी कडा फाटते. मोजे फोटोंना.

१४. कागद संस्थेला दिले तर मालकी जाते का? आणि विकले तर?

देणगीपत्रात जे लिहाल ते. तोंडी देऊ नका. मालकी दिली की नुसतं सांभाळायला दिलं, वाचायला कोणाला द्यायचं, संस्था बंद पडली तर काय, हे लिहून घ्या. एक गोष्ट लोकांना पटत नाही : तुमच्या आजोबांना आलेल्या पत्राचा कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर तो त्याच्या वारसांकडे जातो, आणि त्याच्या हयातीत न छापलेल्या पत्राची साठ वर्षांची मुदत ते पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. छापायचं असेल तर त्यांना विचारा.

ऐतिहासिक महत्त्वाची, ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

१५. सावकारीच्या वहीत गावातल्या घरांची नावं आहेत. लोकांना बघू द्यायची का?

याला नियमाचं पुस्तक पुरत नाही. वही नष्ट करू नका, पानं फाडू नका. वंशज त्याच गावात नांदत असतील तर वही संस्थेला देताना काही वर्षांची बंदी घालून देता येते आणि यादीत ‘वही आहे, अमुक सालापर्यंत बंद’ असं उघड लिहिता येतं. वही आहे हेच लपवणं मला मान्य नाही. कर्ज घेणाऱ्याच्या नातवालाही कधीतरी तीच वही लागते : जमीन कशी गेली, ते त्यात असतं.

१६. आमच्या सनदेला एकाने बनावट म्हटलं. खरंखोटं कसं कळतं?

आधी नक्कल आणि बनावट यात फरक करा. वर ‘तालीक’ लिहिलं असेल तर ती उघडउघड नक्कल आहे, तीत खोटं काही नाही. मग कागद बघायचा : पेशवाईतली म्हणवणारी सनद रेघा छापलेल्या गिरणीच्या कागदावर असेल, तर बोलायलाच नको. सन, तिथी आणि वार जुळतात का, ज्याचा शिक्का आहे तो त्या साली अधिकारावर होता का, अखेरीस मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का) आहे का, लांब कागदाच्या जोडावर पाठीमागे खूण आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती कुठल्या दप्तरातून निघाली आणि तिच्या शेजारी काय होतं (पाहा प्रश्न ३). एकटी, दुकानातून आलेली सनद निर्दोष दिसली तरी मी खात्री देत नाही.

१७. आजीच्या अहिराणी ओव्या मोबाइलवर घेतल्यात. हेही अभिलेखात येतं का?

येतं. कोण बोलतंय, गाव कुठलं, माहेर कुठलं, कधी घेतलं, हे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडानेच बोलून घ्या. आजीची परवानगीही तिथेच. फाइल वेव्ह (.wav) प्रकारात ठेवा. लिहून काढताना ‘शे’ चं ‘आहे’ करू नका. माहेर विचारायचं कारण, साक्रीकडची आणि यावलकडची बोली एक नाही.

१८. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, वाचून द्याल का?

देतो, पण फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षर दबून येतं. पूर्ण कागद एकाच फोटोत, शेजारी पट्टी ठेवून. मागची बाजू कोरी वाटली तरी तीही. उन्हात नाही, खिडकीजवळ. आणि गाव, तालुका व घराण्याचं आडनाव लिहा, मोडीत जी नावं लागत नाहीत ती त्यावरून लागतात. जमिनीचा दावा चालू असेल तर वाचन फुकट मिळेल, पण साक्षीला अधिकृत मोडी लिप्यंतरकारच लागेल.